आकाशातली वहिवाट आणि माँट्रियलचे पंच



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला दारातच गाठलं आणि विचारलं, "या आंतरराष्ट्रीय संघटनांचा उपयोग काय हो? युद्ध थांबवता येत नाही, भांडण मिटवता येत नाही. मग त्या माँट्रियलच्या आणि जिनिव्हाच्या इमारती कशासाठी पोसायच्या?" प्रश्न रोखठोक होता. आम्ही तेव्हा गुळमुळीत उत्तर देऊन निसटलो. आज तो प्रश्न नीट घेऊ, पण सगळ्या संघटनांबद्दल नको, एकाच संघटनेबद्दल आणि एकाच वादाबद्दल बोलू. वाद आपला आहे, म्हणजे भारत आणि पाकिस्तान यांचा आहे, आणि तो आकाशातल्या रस्त्याचा आहे.

ज्यांची शेती आहे त्यांना वहिवाटीचा वाद समजावून सांगावा लागत नाही. आमच्या शेतात जायला तुमच्या बांधावरून वाट असते. तुमचं-आमचं बिनसलं की तुम्ही वाटेवर काट्या टाकता. मग तहसीलदाराकडे अर्ज, १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा, पंचनामा, तारखांवर तारखा. आकाशातही नेमका हाच प्रकार आहे. फरक इतकाच, की तिथे तहसीलदार नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, आणि आठवडाभरातच भारतानेही तेच केलं. दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला, इंधन वाढलं. मुंबईकरांना त्याची झळ कमी लागली, कारण आपली बरीच विमानं तशीही अरबी समुद्रावरून निघतात. २०१९ मध्ये बालाकोटनंतरही पाकिस्तानचं आकाश फेब्रुवारीअखेर ते जुलैमध्यापर्यंत असंच बंद होतं. पण ही काट्या टाकण्याची रीत जुनी आहे, आणि पहिली काटी कुणी टाकली हे पाहिलं तर गंमत वाटेल.

त्याआधी थोडं मागे जाऊ.

विमान उडायला लागलं तेव्हा एक प्रश्न खुला होता. आकाश समुद्रासारखं आहे का? किनाऱ्यापासून दूर गेलं की समुद्र कुणाच्याच बापाचा नसतो, तसं उंच गेलं की आकाशही सगळ्यांचं का मानू नये? पहिल्या महायुद्धात आकाशातून बाँब पडले आणि हा प्रश्न निकालात निघाला. १९१९ च्या पॅरिस करारात ठरलं, की जमीन ज्याची तिच्यावरचं आकाशही त्याचं. १९४४ मध्ये शिकागोला जमलेल्या देशांनी तेच तत्त्व कराराच्या पहिल्या कलमात ठेवलं: प्रत्येक देशाचं आपल्या आकाशावर संपूर्ण आणि एकट्याचं सार्वभौमत्व.

शिकागोची ही परिषद १ नोव्हेंबर १९४४ ला स्टीव्हन्स हॉटेलात सुरू झाली. ५२ देश होते. युद्ध अजून चालूच होतं, हे लक्षात घ्या. अमेरिकेकडे वाहतुकीच्या विमानांचा ताफा तयार होता. ब्रिटनची बहुतेक शक्ती लढाऊ आणि बाँबफेकी विमानं बांधण्यात गेली होती. साहजिकच अमेरिका म्हणाली, आकाश मोकळं करा, ज्याची धमक असेल तो धंदा करेल. ब्रिटन म्हणालं, तसं नको, कोणी किती फेऱ्या करायच्या हे ठरवायला एक आंतरराष्ट्रीय अधिकारमंडळ हवं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोघांनी तर कमाल केली. त्यांनी सुचवलं, की जगातल्या मुख्य मार्गांवरची विमानसेवा सगळ्या देशांनी मिळून सामाईक मालकीची करावी. आज हे ऐकायला स्वप्नरंजन वाटतं, तेव्हा ते अधिकृत प्रस्ताव म्हणून मांडलं गेलं होतं आणि फेटाळलंही गेलं.

भारताकडून तिथे सर गिरिजाशंकर बाजपेयी होते, ब्रिटिश सरकारच्या भारताचे प्रतिनिधी म्हणून. ७ डिसेंबरला भारताची सही झाली. त्या दिवशी जवाहरलाल नेहरू आणि काँग्रेसचे इतर नेते आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. स्वतंत्र भारताचं आकाश कोणत्या नियमांनी चालणार हे असं ठरलं, ते चालवणारे तुरुंगात असताना.

शिकागोत धंद्याच्या हक्कांवर एकमत झालं नाही. कोणत्या कंपनीने कुठून कुठे प्रवासी न्यायचे हे दोन-दोन देशांनी आपसात ठरवावं, असं सोडून दिलं गेलं. पण एका जोडकरारात दोन साध्या सवलती बऱ्याच देशांनी एकमेकांना दिल्या. एक, तुमच्यावरून न उतरता उडत जाण्याची. दुसरी, इंधन भरायला किंवा दुरुस्तीला उतरण्याची. तिसरी मोठी गोष्ट म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, जिला सगळे आयकाओ म्हणतात. करार ४ एप्रिल १९४७ ला लागू झाला आणि माँट्रियलला संघटनेचं कायमचं बिऱ्हाड झालं. कराराच्या ८४ व्या कलमात लिहिलंय, की करार लावण्यावरून दोन देशांत वाद झाला आणि वाटाघाटीने सुटला नाही तर आयकाओची कौन्सिल निर्णय देईल, आणि तिच्या निर्णयावर अपील करता येईल. हे कलम लक्षात ठेवा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो तो दूर करू. आयाटा वेगळी. ती देशांची नाही, कंपन्यांची संघटना, १९४५ मध्ये हवानाला स्थापन झालेली. तिकिटावर मुंबईसाठी अजून बीओएम लिहिलेलं असतं ना, बॉम्बेचं, ते तीन अक्षरांचं नाव आयाटाचं. वैमानिक आणि नियंत्रक मात्र मुंबईला व्ही-ए-बी-बी म्हणून ओळखतात, ते चार अक्षरी नाव आयकाओचं. जे. आर. डी. टाटा १९५८ च्या सुमारास आयाटाचे अध्यक्ष होते. त्याच सुमाराला आयाटात सँडविचवरून भांडण पेटलं होतं, कारण स्वस्त तिकिटावर फक्त सँडविच द्यायचं असा नियम होता आणि स्कँडिनेव्हियाची कंपनी सँडविचच्या नावाखाली भरलेलं ताट वाढत होती! सँडविच कशाला म्हणावं यावर मग आयाटाला निर्णय द्यावा लागला. असो. आपण देशांच्या भांडणाकडे वळू.

पहिली तक्रार भारताची.

फाळणी झाली आणि भारत-अफगाणिस्तान यांच्या मधे पाकिस्तान आला. दिल्लीहून काबूलला जाणाऱ्या विमानाची सरळ वाट पाकिस्तानच्या वायव्य सरहद्दीवरून जाते. पाकिस्तानने तो पट्टा निषिद्ध क्षेत्र म्हणून जाहीर केला. भारतीय विमानांना इराणवरून वळसा घालून काबूल गाठावं लागायला लागलं. नकाशा डोळ्यांसमोर आणा म्हणजे तो वळसा केवढा ते कळेल. १९५२ मध्ये भारत आयकाओच्या कौन्सिलकडे गेला. म्हणणं असं, की आम्ही दोघांनीही करारावर सह्या केल्यात, वरून जाण्याचा हक्क दिलाय, मग ही अडवणूक कशी? कौन्सिलने निकाल दिला नाही. दोघांना बोलायला लावलं, मधे बसली, आणि वर्षभरात तोडगा निघाला. पाकिस्तानने त्या भागातून जाण्यासाठी हवाई मार्ग ठरवून दिले, भारताने ते मान्य केले. गावचे शहाणे पंच करतात तसंच झालं. निवाडा नाही, पण वाट मोकळी.

म्हणजे तेव्हा भारत म्हणत होता, माँट्रियलला चला. १९७१ मध्ये नेमकं उलटं झालं.

३० जानेवारी १९७१. इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' नावाचं फॉकर विमान श्रीनगरहून जम्मूला निघालं होतं. दोन तरुणांनी ते पळवून लाहोरला नेलं. हातातली शस्त्रं खोटी होती हे नंतर कळलं. प्रवासी सुखरूप परत आले, पण २ फेब्रुवारीला विमान लाहोरच्या धावपट्टीवर जाळलं गेलं. दोन दिवसांनी भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून उडायला बंदी केली.

या बंदीचा अर्थ समजून घ्या. तेव्हा पाकिस्तान एक देश होता पण दोन तुकड्यांत, मधे आपण. कराची ते ढाका हा त्यांचा देशांतर्गत प्रवास भारतावरून होत होता. आता ती विमानं दक्षिणेला जाऊन, सिलोनला वळसा घालून, कोलंबोला इंधन भरून ढाक्याला जायला लागली. काही तासांचा प्रवास कितीतरी लांबला. आणि २५ मार्चला पूर्व पाकिस्तानात लष्करी दडपशाही सुरू झाली तेव्हा हा लांबलेला रस्ता पश्चिमेकडच्या राज्यकर्त्यांना चांगलाच नडला. भारताने हे सगळं आधी हेरून केलं का, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. आमचं मत असं, की अपहरणाने संधी दिली आणि दिल्लीने ती सोडली नाही, एवढं म्हणणं पुरेसं आहे.

३ मार्चला पाकिस्तान आयकाओच्या कौन्सिलकडे गेला. १९५२ ची आपलीच युक्तिवादाची फाइल त्यांनी उघडली म्हणा ना! भारताचं उत्तर मात्र वेगळं होतं. १९६५ च्या युद्धानंतर हे करार आपल्या दोघांत लागूच नाहीत, १९६६ पासून आपसातल्या तात्पुरत्या व्यवस्थेवर विमानं उडत होती. शिवाय अपहरणात पाकिस्तानने जे केलं त्याने करार मोडलाच, म्हणून आम्ही तो स्थगित केला. करार नाही तर कौन्सिलला अधिकार कुठला? २९ जुलैला कौन्सिलने हा आक्षेप फेटाळला. ऑगस्टअखेर भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अपिलात गेला. दादरा-नगर हवेलीच्या वाटेवरून पोर्तुगालने आपल्याला तिथे खेचलं होतं, म्हणून हेगचा रस्ता आपल्याला माहीत होता. पण एखाद्या संघटनेच्या निर्णयावर अपील ऐकण्याची त्या न्यायालयाची ही पहिलीच वेळ.

भारताची बाजू मांडायला मुंबईचे नानी पालखीवाला उभे होते. आणि तरीही भारत हरला. १८ ऑगस्ट १९७२ चा निकाल, कौन्सिलचा निर्णय बरोबर होता यावर चौदा विरुद्ध दोन.

न्यायालयाचं म्हणणं सोप्या भाषेत असं सांगता येईल. दोघांनी करार केला, त्यात लिहिलं की वाद झाला तर अमुक पंचांकडे जाऊ. उद्या तुम्ही एकतर्फी म्हणालात, की करार मोडला. मोडला की नाही हाच तर वाद! तो पंचांपुढेच सांगायला हवा. तुम्ही एकट्याने करार मोडला म्हटल्याने पंचही मोडीत निघत असतील, तर मग अशी कलमं लिहिण्यात अर्थ नाही. आम्हाला हा युक्तिवाद पटतो, आपण हरलो असलो तरी. १९५२ मध्ये आपल्याला तेच हवं होतं.

आता यातली दुसरी बाजू बघा, कारण त्या श्रोत्यांचा प्रश्न तिथेच टोचतो. निकाल लागला ऑगस्ट १९७२ मध्ये. त्याआधी आठ महिने, १६ डिसेंबर १९७१ ला, ढाक्यात शरणागती झाली होती. ज्या कराची-ढाका मार्गासाठी पाकिस्तान भांडत होता तो देशांतर्गत मार्गच उरला नव्हता. पाकिस्तान जिंकला, आणि हाती काय आलं? कौन्सिलपुढे मूळ प्रकरण चालवायचा हक्क. ते प्रकरणही शेवटपर्यंत चाललं नाही. सिमला कराराच्या वाटेने दोन्ही देश हळूहळू बोलायला लागले, १९७६ मध्ये आकाश पुन्हा उघडलं आणि दोघांनी मिळून माँट्रियलची फाइल बंद करवली. काट्या उचलल्या त्या दिल्ली आणि इस्लामाबादने, पंचांनी नव्हे.

मग श्रोत्यांचं बरोबर? अर्धं बरोबर. आयकाओकडे पोलीस नाहीत. बंद आकाश ती उघडू शकत नाही, १९७१ मध्ये नाही आणि २०२५ मध्येही नाही. पण एका ठिकाणी तिचं काम फार वेगळं दिसलं.

५ जून २०१७ ला सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. कतारमध्ये आपली किती माणसं कामाला आहेत हे सांगायला नको, दोहाहून गणपतीला येणारी रत्नागिरी-सिंधुदुर्गची मुलं इथेही कुणाच्या ना कुणाच्या घरची असतील. कतारची अडचण अशी, की दोहाभोवतीचं नियंत्रणाचं क्षेत्र, समुद्रावरचंसुद्धा, बहारीनच्या हाती होतं. समुद्रावरचं आकाश कुणाच्या मालकीचं नसतं, तिथे विमानांचं नियमन कोणी करायचं ते आयकाओच्या व्यवस्थेत ठरतं. म्हणून तिथे माँट्रियलचा शब्द चालला. त्या उन्हाळ्यातच आयकाओच्या मध्यस्थीने आखातावरून पर्यायी मार्ग आखले गेले आणि दोहाची विमानं त्यावरून ये-जा करायला लागली.

कतारने कौन्सिलकडे तक्रारही केली. चार देश म्हणाले, कौन्सिलला अधिकार नाही. प्रकरण हेगला गेलं. १४ जुलै २०२० ला न्यायालयाने चौघांचं अपील फेटाळलं, आणि निकालपत्रात आधार घेतला तो १९७२ च्या भारत-पाकिस्तान निकालाचा. पालखीवाला जो खटला हरले तो कतारच्या कामी आला. जानेवारी २०२१ मध्ये चौघांशी समेट झाला, आणि पुढच्या वर्षी आयकाओच्या मान्यतेने दोहाचं स्वतःचं नियंत्रण क्षेत्र सुरू झालं.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न विचारणारे ते गृहस्थ आज आले असतील तर पहिला प्रश्न त्यांचा घेऊ.