राब, चिखल आणि भेंडीच्या मुळांवरच्या गाठी

१८८५ साली मुंबई सरकारने एक वन आयोग नेमला. निमित्त होतं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या रयतेच्या तक्रारींचं. १८७८चा वन कायदा आल्यापासून जंगलांच्या हद्दी आखल्या जात होत्या. कल्याण, मुरबाड, शहापूरकडच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जे बिनदिक्कत केलं, ते आता परवानगीचं काम झालं होतं: ऐनाच्या फांद्या तोडणं. या फांद्या चुलीसाठी नव्हत्या; त्या शेतात नेऊन, पसरून जाळायच्या होत्या. रेल्वे १८५४च्या मे महिन्यातच कल्याणला पोचली होती. लाकडाला आणि जळणाला मुंबईत भाव होता. अशा दिवसांत शेतकरी डहाळ्यांचे भारेच्या भारे वावरात जाळून टाकतो, हे वनाधिकाऱ्यांच्या पचनी पडत नव्हतं. शेतकऱ्याचं म्हणणं मात्र ठाम होतं. राब भाजला नाही तर भाताचं रोप धरत नाही.

राबाचं काम होळीच्या आगेमागे सुरू व्हायचं आणि पावसाआधी उरकायचं. रोपासाठी राखलेल्या, जरा उंचावरच्या तुकड्यावर आधी शेण किंवा गोवऱ्यांचा चुरा. त्यावर कवळ, म्हणजे पानांसकट छाटलेल्या डहाळ्या. त्यावर वाळलं गवत, पालापाचोळा, आणि सगळ्यावर बारीक मातीचा हात. हा मातीचा थर धग कोंडण्यासाठी. मग वारा ज्या टोकाकडे वाहतो त्या टोकाला आग लावायची. आग वाऱ्याविरुद्ध सरकते, त्यामुळे भडकत नाही, धुमसत राहते. भसकन पेटून विझलेला राब वाया गेला समजायचं. लाकडाची राख होऊन भागत नाही, खालची माती भाजली पाहिजे. पाऊस पडला की त्याच राखेत बी फेकायचं, आणि तीन-चार आठवड्यांनी रोप उपटून चिखलात आवणी. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरने या रिवाजाची नोंद घेतली आहे.

साहेबांच्या बाजूने एक बोललंच पाहिजे. राबाने जंगल खाल्लं, हे खोटं नव्हतं. एका वाफ्याला त्याच्या कितीतरी पट रानाची छाटणी लागायची, आणि दरवर्षी बोडकी होणारी ऐनाची झाडं आजही या पट्ट्यात दिसतात. पण राब म्हणजे अडाण्यांचा खेळ, हा त्यावरचा शेरा टिकला नाही. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस वोल्कर १८८९मध्ये हिंदुस्थानची शेती पाहायला आले. १८९३च्या अहवालात त्यांनी राबाची सविस्तर चर्चा केली. ती प्रथा त्यांनी हसण्यावारी नेली नाही. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांना घेऊन रीतसर प्रयोग केले आणि १९१२ साली पश्चिम हिंदुस्थानातल्या राबावर प्रबंधिका छापली. (मान आणि कानिटकर ही जोडी मराठी वाचकाला जातेगाव बुद्रुक गावाच्या पाहणीमुळे जास्त माहीत.) त्यांचा निष्कर्ष शेतकऱ्याच्या बाजूने पडला. फायदा नुसत्या राखेतल्या खताचा नाही. माती तापते, त्याचाही आहे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथे रसेल आणि हचिन्सन तापवलेल्या मातीत पिकं जोमाने का येतात याचा शोध घेत होते. प्रयोगशाळेत जे नव्याने उमगत होतं, ते कल्याणच्या आसपासच्या खाचरांत दर उन्हाळ्यात धुमसत होतं.

या सगळ्या चर्चेचा रोख खत, तण आणि मातीचा पोत यांवर होता. मातीतल्या सूत्रकृमींकडे इथल्या शेतीशास्त्राचं लक्ष वळायला अजून वेळ होता. तसा हा प्राणी अगदीच अनोळखी नव्हता. १८५५मध्ये इंग्लंडच्या माइल्स बर्कली यांनी काचघरातल्या काकडीच्या मुळांवर गाठी आणि त्यांत किडे पाहिले होते. हिंदुस्थानात १९०१ साली बार्बर यांनी नीलगिरीकडच्या देवाला इथल्या चहाच्या मुळांवर तेच पाहिलं. आज या कुळाला मेलॉयडोगायनी म्हणतात, आणि भाजीवाला शेतकरी सरळ ‘मुळाला गाठी आल्या’ म्हणतो.

ही गाठ म्हणजे सूज नव्हे, बांधकाम आहे. अंड्यातून निघालेली अळी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. ती मुळाच्या टोकाजवळून आत शिरते, पेशी न फोडता त्यांच्या फटींतून सरकते आणि अन्नपाणी वाहणाऱ्या गाभ्याशी येऊन थांबते. तिथल्या पाच-सात पेशी ती निवडते, तोंडातल्या सुईने त्यांत स्राव सोडते, आणि त्या पेशींचं आयुष्यच बदलतं. केंद्रकं दुभंगत राहतात पण पेशी दुभंगत नाही. एकेका पेशीत केंद्रकांचा ढीग साचतो आणि तिचा आकार शेकडो पटींनी वाढतो. भोवतालच्या पेशी भराभर वाढून गाठ तयार होते. अळी मग जागची हलत नाही. फुगत फुगत तिची नासपतीच्या आकाराची मादी होते आणि शेपटाकडे चिकट पुंजक्यात शेकडो अंडी घालते. आपल्याकडच्या उबदार जमिनीत हे चक्र महिन्याभरात पुरं होतं.

एवढं बांधकाम झाड मुकाट्याने करून कसं देतं? उत्तर संप्रेरकांत आहे. ऑक्सिन हे झाडाचं वाढीचं संप्रेरक. आडवी मुळं कुठे फुटायची हे तेच ठरवतं. १९६२ साली बालसुब्रह्मण्यम आणि रंगस्वामी या भारतीय संशोधकांनी ‘नेचर’मध्ये नोंदवलं की सूत्रकृमीच्या गाठींत इंडोल संयुग सापडतं. ऑक्सिन त्याच रासायनिक घराण्यातलं. १९९९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पांढऱ्या क्लोव्हरच्या मुळांत ऑक्सिनला प्रतिसाद देणारं जनुक रंगाने उजळवून पाहिलं. अळी ठाण मांडते तिथे ऑक्सिनचा प्रतिसाद सुरुवातीलाच चढतो आणि गाठ पुरी होत आली की उतरतो. सूत्रकृमी झाडाची ऑक्सिन वाहून नेणारी प्रथिनंच आपल्या सोयीने वळवतो, हेही पुढे उघड झालं. पाहुण्याने येऊन मालकाच्याच गड्यांना हुकूम सोडावेत, तसा हा प्रकार. त्याच्या चुलत घराण्यातल्या, बीटच्या मुळांत राहणाऱ्या सूत्रकृमीची तर आणखी कमाल: पेशी-विभाजन घडवणारं सायटोकायनिन तो स्वतःच बनवतो, हे बॉनच्या संशोधकांनी २०१५मध्ये दाखवलं.

झाड अर्थातच हातावर हात धरून बसत नाही. जास्मोनिक आम्ल, सॅलिसिलिक आम्ल, इथिलीन ही त्याची इशारा देणारी संप्रेरकं. भाताच्या बाबतीत यांतलं जास्मोनिक आम्ल सर्वांत वजनदार ठरतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या गटाने २०११मध्ये भातावरच्या गाठीच्या सूत्रकृमीवर, म्हणजे मेलॉयडोगायनी ग्रॅमिनिकोलावर, प्रयोग केले. जास्मोनिक आम्लाचं रूप किंवा इथिलीन सोडणारं औषध त्यांनी पानांवर फवारलं, आणि मुळांवरच्या गाठी घटल्या. फवारा वर, परिणाम जमिनीखाली.

हाच सूत्रकृमी भाताच्या कोरड्या रोपवाटिकेत बळावतो. पाणी साचलेल्या खाचरात त्याच्या अळीला नवं मूळ गाठता येत नाही. पण रोपवाटिकेत आधीच मुळात शिरलेली मादी चिखलातही आतल्या आत पिल्लावळ वाढवत राहते. म्हणजे खरी लढाई पहिल्या तीन-चार आठवड्यांची, आणि नेमक्या त्याच तुकड्याची, जिथे कल्याणचा शेतकरी राब भाजायचा. गाठीच्या सूत्रकृमींची अंडी आणि अळ्या पन्नास अंशांच्या वरच्या उष्णतेत काही मिनिटांत मरतात. धुमसत्या राबाखालच्या वरच्या बोट-दोन बोट मातीत त्यांना जगायला जागा उरत नाही. खोलवरच्या तेवढ्या वाचतात. राब सूत्रकृमींसाठी शोधला गेला, असं म्हणणं म्हणजे आजोबांच्या डोक्यात नातवाचं ज्ञान घालणं. तण मरतं आणि रोप जोमदार येतं, एवढं त्यांना दिसत होतं, आणि प्रथा टिकायला तेवढं पुरेसं होतं.

दुसरा पहारा चिखलाचा होता. भाजीपाल्यावरचा सूत्रकृमी, मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा, महिनोन्‌महिने पाण्याखाली राहिलेल्या, हवा नसलेल्या मातीत फार तग धरत नाही. पावसाळ्यात भात, मागे उरल्या ओलीवर वाल किंवा हरभरा, आणि उन्हाळ्यात भेगाळलेलं रिकामं वावर: या जुन्या क्रमात त्याला आधी पाणी बुडवायचं आणि मग ऊन भाजायचं. मधल्या वाल-हरभऱ्यावर जेवढं फावेल तेवढंच.

क्रम बदलला तो पाण्यामुळे आणि मुंबईमुळे. धरणांचं, कालव्यांचं, नदीवरच्या पंपांचं पाणी आलं, आणि भातानंतरचं वावर भेंडीखाली गेलं. शहापूर-मुरबाडकडची भेंडी आज कल्याणच्या बाजार समितीत येतेच, शिवाय आखाती देशांत आणि युरोपातही जाते. पैसा देणारं पीक आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण गाठीच्या सूत्रकृमीला भेंडीइतकी आवडती पिकं थोडीच. वांगी, टोमॅटो, काकडी, कारलीही त्याच पंगतीतली. भात सुटलं आणि बारमाही भाजी आली, की त्याला ना पाण्याचा अडसर राहतो ना उन्हाचा. कल्याण-डोंबिवलीच्या हद्दीतली बरीचशी खाचरं तर इमारतींखालीच गेली. उरलेल्या तुकड्यावर जास्तीत जास्त पिकं काढण्याची घाई त्यातूनच आलेली.

दुखणं ओळखायला अवघड. झाडं चट्ट्याचट्ट्यांनी खुरटतात, पाणी असूनही दुपारी माना टाकतात, पानं फिकी पडतात. शेतकरी ते कधी हळद्यावर ढकलतो, कधी खताच्या कमतरतेवर, आणि आणखी एक गोणी ओततो. रोग जमिनीखाली असतो.

राब आता कमी झाला आहे. डहाळ्या सहज मिळत नाहीत, भारे वाहायला माणसं नाहीत. कोकणात पोचलेल्या चारसूत्री भातशेतीने राबातली राख तेवढी ठेवली आणि आग सोडून दिली. डॉ. एन. के. सावंत यांच्या या पद्धतीत भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळतात. तिच्यातल्या सिलिकाने रोप कणखर होतं. जंगलाच्या दृष्टीने हा सौदा उत्तमच, पण राख माती भाजत नाही. बड्या शेतीने भाजण्याचं काम विषारी वायूंवर सोपवलं होतं. त्यांतला मिथाइल ब्रोमाइड ओझोनचा थर खातो म्हणून माँट्रियल करारानुसार श्रीमंत देशांनी २००५पर्यंत आणि बाकीच्यांनी २०१५पर्यंत मोडीत काढला. उरलं ते ऊन. इस्रायलच्या याकोव्ह काटान आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवून दिलं की ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरलं तर सूर्यच माती इतकी तापवतो की तिच्यातले रोग मरतात. कोकणचा एप्रिल-मे त्यासाठी आयता आहे, आणि ऐनाची एक डहाळीही लागत नाही.

तेव्हा या पट्ट्यात ज्यांची भाजी आहे त्यांनी एवढं करावं. भेंडी मोडताना झाडं वरच्या वर कापू नयेत, मुळासकट उपटून पाहावीत. वाल-चवळीच्या मुळावरच्या नत्राच्या गाठी चिमटीत चोळल्या की सुटून येतात. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण ती मुळाचाच भाग असते. तशी दिसली तर ती मुळं बांधावर टाकू नयेत, वाळवून जाळावीत. त्या तुकड्यात पुढच्या पावसाळ्यात भाताचा चिखल करावा, आणि भात नको असेल तर झेंडू लावावा. त्याच्या मुळांतलं द्रव्य सूत्रकृमींना मारक आहे, हे डच संशोधकांनी १९५८मध्येच दाखवलं आहे. रोपवाटिकेची जागा मात्र एप्रिलमध्येच भिजवून प्लास्टिकखाली घ्यावी आणि चार ते सहा आठवडे उघडू नये.