पेढीचा अर्ज आणि गावाची नजर
निरेच्या डाव्या कालव्याचे पाणी खेळू लागण्यापूर्वी वडगाव निंबाळकरच्या पंचक्रोशीतील कुणब्याला कर्ज म्हणजे सावकाराच्या वहीतील, आपल्याला न वाचता येणारी ओळ, एवढेच ठाऊक होते; आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी दंगा उसळून दस्तऐवज जळाले, त्याचे एक मूळ या अंधारातही होते. १८७९ च्या दक्षिणी शेतकरी कायद्याने खत ग्रामनिबंधकासमोर लिहिण्याची आणि सावकाराने पावती व हिशेब देण्याची सक्ती केली.

माझ्या मते खरे स्थित्यंतर घडले ते १९१२ च्या सहकारी कायद्याने. पतपेढी काढावयाची तर अठरा वर्षांवरील किमान दहा इसमांनी सहीनिशी, पोटनियमांच्या प्रतीसह, निबंधकाकडे अर्ज करावा, आणि नोंदणीनंतर तो कायदा, नियम व पोटनियम पेढीच्या कचेरीत विनामूल्य पाहण्यास खुले ठेवावेत, असा त्यात दंडक होता. अर्जावर सह्या करणारे गावातलेच, म्हणजे कोणाची ऐपत किती, हे चावडीला आधीच माहीत!

गावच्या पेढीचे अर्जदार असे सर्वांच्या नजरेसमोर होते; व्यापारी बँकांचा परवाना मात्र १९४९ च्या कायद्याने रिझर्व्ह बँकेच्या हाती गेला. नव्या परवान्यांसाठी आलेल्या २६ अर्जदारांची नावे तिने जाहीर केली ती १ जुलै २०१३ रोजी.