खुराड्याचा इतिहास

वर्धा जिल्ह्यांतील आष्टी या गांवाचें नांव काढलें म्हणजे इतिहासाच्या वाचकास दोन गोष्टींची आठवण होते. पहिली मोगल अमदानींतील महंमद खान नियाझी या पठाण सरदाराची. जहांगीर बादशहानें त्यास हा मुलूख जहागीर दिला होता व त्याची कबर आष्टीसच आहे. दुसरी १६ ऑगस्ट १९४२ या दिवसाची. त्या दिवशीं पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळीबार झाला, दोन्ही बाजूंचीं माणसें पडलीं, आणि आष्टीचें नांव चिमूरच्या नांवाशीं कायमचें जोडलें गेलें. सरदारांचा आणि हुतात्म्यांचा इतिहास लिहिला गेला हें योग्यच झालें. परंतु ज्या मातीच्या भिंतींच्या आड असलीं गांवें शतकानुशतकें निजत आलीं, त्या भिंतींच्या पायथ्याशीं एक हातभर उंचीचें खुराडें असे, आणि रोज तिन्हीसांजेस त्याच्या तोंडाशीं दगड लावण्याचें काम घरांतील एखादी म्हातारी किंवा पोर करीत असे. त्या दगडाचा इतिहास कोणीं लिहिला नाहीं. तो लिहिण्याजोगा आहे असें आम्हांस वाटतें.

आष्टीच्या आसपास कापूस आणि तूर यांचें पीक फार. म्हणून पऱ्हाटी आणि तुराटी यांचा तोटा नाहीं. गरिबाच्या घराचा कुड तुराट्यांचा, त्यावर शेणमातीचा लेप. खुराडेंहि बहुधा याच जिनसांचें. ज्याच्याजवळ तेवढीहि जागा नाहीं त्याचें काम बुरुडानें विणलेल्या बांबूच्या डाल्यावर भागतें. संध्याकाळीं कोंबड्या डालावयाच्या, वर धोंडा ठेवावयाचा, म्हणजे झालें. पाहणारास यांत शास्त्र कांहींच दिसत नाहीं. पण शत्रूंची यादी समोर ठेवली म्हणजे या साध्या व्यवस्थेंतील प्रत्येक गोष्टीचें कारण कळूं लागतें. घूस भुईंतून येते, म्हणून खुराड्याच्या तळाशीं फरशी किंवा ठेचलेली मुरमाड जमीन पाहिजे. उदमांजर आढ्यावरून उतरतें, म्हणून वरचें छप्पर नुसतें ऊन अडविण्यापुरतें असून चालत नाहीं. रानमांजर कुंपणाच्या सावलींतून येतें व एकच पक्षी उचलून निघून जातें. घोरपड अंड्यांसाठीं येते. कोल्हा दार सैल असल्यास थूथन घालून तें बाजूस सारतो. डाल्याच्या विणींत फट मोठी राहिली तर आंतली कोंबडी बाहेर येत नाहीं हें खरें, पण बाहेरचा पंजा आंत जातो, आणि सकाळीं डालें जागच्या जागीं व कोंबडी मात्र पायाविना असें दृश्य दिसतें. म्हणून जाणती बाई डालें भिंतीच्या कोपऱ्यांत किंवा चुलीजवळ ठेवते, अंगणांत ठेवीत नाहीं.

दिवसाचे शत्रू निराळे. घार, शिक्रा आणि कावळा हे वरून येतात. मुंगूस मात्र भर दुपारीं, घरचीं माणसें शेतावर गेलीं असतां, अंगणांतून चालत येतें. पिलें आणि अंडीं हीं त्याचीं विशेष आवडतीं. आणि खुराड्यांत शिरलें व आंतल्या पक्ष्यांस पळण्यास वाट नसली, तर खाण्यापुरतेंच मारून तें थांबेल असा भरंवसा नाहीं. गांवठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडीं घालते. त्यांतलीं दहा-बारा तिच्याखालीं २१ दिवस ठेवावयाचीं, निघालेलीं पिलें दोन महिने जपावयाचीं, आणि तीं बाजारास नेण्याजोगीं झालीं म्हणजे मीठ-मिरची, पोराची पाटी, क्वचित् औषध यांची सोय लागावयाची. हा पैसा बहुधा बाईचा असतो. कापसाच्या पैशाप्रमाणें तो सावकाराच्या किंवा नवऱ्याच्या हिशेबांत जात नाहीं. एका दुपारीं मुंगूस येऊन गेलें म्हणजे त्या घरांत काय बुडालें, याची कल्पना कापसाच्या भावांचे आंकडे वाचून येणार नाहीं.

कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं, ही म्हण आपण सर्वजण वापरतों. तिचा अर्थ सांगतांना सगळ्यांची दृष्टि तांबड्याकडे जाते; कोंबडें कां झांकलें होतें, हें कोणी विचारीत नाहीं. तें झांकलेलें असे, कारण रोज रात्रीं झांकावेंच लागे. डाल्याखालच्या कोंबड्याची बांग ऐकून ज्यांची पहाट झाली अशा लोकांची ही भाषा आहे. मुंगसाचें, उदमांजराचें नांव म्हणींत नाहीं. तथापि त्यांच्या भयानें घातलेलें झांकण तींत तसेंच राहिलें आहे.

या पक्ष्यास झांकण्याचें काम माणसाकडे आलें तरी कसें? कोंबडीचे पूर्वज रानांतले. ते रात्रीं झाडावर बसत. तांबडा रानकोंबडा हा मुख्य पूर्वज. पण आपल्या सह्याद्रींत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याचाहि तिच्या रक्तांत अंश आहे. कोंबडीचे पाय पिवळे करणारा गुण त्याच्याकडून आला असें २००८ सालच्या संशोधनांत दिसून आलें. पाळीव कोंबडीचे सर्वांत जुने खात्रीचे अवशेष थायलंडांतील बान नोन वाट येथले, इ. स. पू. १६५० ते १२५० या काळांतले, असें २०२२ सालीं विद्वानांनीं मांडलें. आणि जेथें भात व बारीक धान्यें कोरडवाहू जमिनींत होऊं लागलीं तेथेंच हा पक्षी माणसाच्या जवळ आला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे माणसानें त्यास पकडून आणलें यापेक्षां दाण्याच्या लोभानें तो आपण होऊन दाराशीं आला, हें अधिक संभवनीय. दाराशीं आला तो फांदी सोडून; आणि तेव्हांपासून फांदीचें काम माणसावर पडलें. रानांतली सावधगिरी मात्र त्याच्या गळ्यांत अजून शिल्लक आहे. घार दिसली म्हणजे कोंबडा एक प्रकारचा बारीक लांब सूर काढतो, आणि जमिनीवरून शत्रु आला तर निराळा, तुटक कलकलाट करतो. कोंबड्याहि त्याप्रमाणें एकदां दबून बसतात, एकदां मान उंच करून पाहतात. प्राणिशास्त्रज्ञांनीं हें प्रयोगानें सिद्ध केलें. खेड्यांतील बायांस तें ऐकून माहीत होतें. रात्रीं मात्र या पहारेकऱ्याचा उपयोग नाहीं, कारण काळोखांत त्यास जवळजवळ कांहींच दिसत नाहीं.

आतां वाङ्मयाकडे वळूं. मुंगूस म्हटलें कीं सुशिक्षित मराठी माणसास पंचतंत्रांतील कथा आठवते: पाळण्यांतील बाळाचें सापापासून रक्षण करणारें मुंगूस, आणि त्याच्या तोंडास रक्त पाहून अविचारानें त्याचाच जीव घेणारी आई. ही कथा देशोदेशीं गेली. वेल्समध्यें मुंगसाचा कुत्रा झाला व त्याचें नांव गेलर्ट पडलें. कथा सुंदर आहे. पण आमच्या मनांत नेहमीं येतें तें हें कीं, त्या घरांत पाळणा होता, खुराडें नव्हतें. तें ब्राह्मणाचें घर. आणि मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत ग्रामकुक्कुट हा द्विजांस वर्ज्य ठरविला आहे, इतका कीं तो जाणूनबुजून खाणारा पतित होतो. ज्या घरांत कोंबडी नाहीं त्या घरास मुंगसाचें एकच रूप दिसणार. तोंडाला रक्त लागलेलें मुंगूस शेजारच्या वस्तींत दिसलें असतें तर तेथल्या आईनें तें रक्त कोणाचें हें एका क्षणांत ओळखलें असतें, आणि बहुधा तिचें चुकलें नसतें.

याच ग्रंथाच्या अकराव्या अध्यायांत एक यादी आहे, तिच्याकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. मांजर, मुंगूस, चाष, बेडूक, कुत्रा, घोरपड, घुबड आणि कावळा यांचा वध झाला असतां शूद्रहत्येचें प्रायश्चित्त घ्यावें असें तेथें सांगितलें आहे. या आठांपैकीं चाष आणि बेडूक सोडले तर बाकीचे सहाहि खुराड्याचे शत्रु आहेत! हा योगायोग असेल; स्मृतिकारांच्या डोळ्यांपुढें कोंबड्या नव्हत्या. परंतु त्यांनीं घातलेला हिशेब असा निघतो कीं, पिलें नेणारें मुंगूस आणि तीं पिलें पाळणारी शूद्र बाई यांचें मोल एका तागडींत समान भरतें. २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाडास या ग्रंथाचें दहन झालें, त्या रागाची कारणें मोठमोठीं सांगतात व तीं आहेतच. पण अशा एखाद्या बारीक यादींतहि तें कारण सांपडतें.

संतांच्या वाणींत तरी खुराड्याची बाजू आली असेल म्हणून पाहावें, तर तेथेंहि नवल आहे. जनाबाईच्या एका अभंगांत घार ही वात्सल्याची मूर्ति म्हणून येते. ती आकाशांत असली तरी चित्त पिलांपाशीं असतें. जनाबाई दासी होती, तिला अंगणाची माहिती नव्हती असें म्हणवत नाहीं. तरीहि घारीच्या पिलांना जो चारा मिळतो तो पुष्कळदां कोणाच्या अंगणांतून येतो, हा विचार उपमेच्या बाहेर राहिला. उपमेला तो नको होता हें आम्ही समजतों. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत कोंबड्यास खच्ची करूं नये अशी आज्ञा आहे. म्हणजे राजाच्या दयेंत कोंबडा आला, पण तोहि माणसाच्या हातून होणाऱ्या इजेपुरता. रात्रीच्या शत्रूंचा उल्लेख येथेंहि नाहीं.

मुंगसाच्या गुणांवर अति विश्वास ठेवल्याचा परिणाम एका दूरच्या देशांत फार स्पष्ट दिसला. १८७२ सालीं जमैका बेटांतील एस्प्यूट नांवाच्या एका मळेवाल्यानें उसांतील उंदीर मारण्यासाठीं कलकत्त्याहून नऊ मुंगसें नेलीं. तीं आपल्याकडील लहान जातीचीं होतीं. आरंभीं उंदीर कमी झाले व त्याची वाहवा झाली; तेथूनच १८८३ सालीं हा प्राणी हवाई बेटांत गेला. पुढें मुंगसें वाढलीं, जमिनीवर घरटीं करणाऱ्या पक्ष्यांवर आणि लोकांच्या कोंबड्यांवर त्यांनीं हात फिरविला, आणि उपकारक म्हणून आणलेला पाहुणा उपद्रवी ठरला. मुंगूस तेंच होतें. इकडे तें पुण्यवान् आणि तिकडे पापी झालें असें नव्हे.

त्याला मारून प्रश्न सुटतो असें मानणारांस आतां कायद्याचीहि आडकाठी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें घोरपड व मुंगूस यांस संरक्षण दिलें आहे, आणि तें आम्हांस योग्य वाटतें. कारण शेतांतील उंदीर व साप यांवर त्यांचा वचक आहे. शिवाय मुंगसांचा खरा काळ खुराड्याजवळ नाहीं. चित्रकारांच्या कुंचल्यांसाठीं त्यांच्या केसांचा जो चोरटा व्यापार चालतो त्यांत आहे. जाळीचेंहि तसेंच. नॉर्विच येथील चार्ल्स बर्नार्ड यानें १८४४ सालीं कापडाच्या मागावरून कल्पना घेऊन षट्कोनी तारेची जाळी यंत्रावर विणली, व ती कोंबड्यांची जाळी म्हणून जगभर पसरली. ती कोंबडीला आंत ठेवते; मुंगसाला बाहेर ठेवीत नाहीं. त्यास अर्ध्या इंचाची, चौकोनी व जोडलेल्या तारेची जाळी लागते, आणि तीहि भुईंत हातभर पुरलेली.

१९७१ सालीं वेंकटेश्वरा हॅचरीज् निघाली, त्यानंतर कोंबडी मोठ्या प्रमाणांत पिंजऱ्यांत गेली. तेथें तिला मुंगसाचें भय नाहीं, आणि अंगणहि नाहीं. पांढरी लेगहॉर्न अंडीं पुष्कळ देते, पण खुडूक होऊन तीं उबवीत बसत नाहीं. अंगणांत सोडली तर तिचा रंगच घारीला हांक मारतो. गांवठी कोंबडी मातीच्या रंगाची, भिंतीवर उडून बसणारी, पिलांसाठीं कावळ्याच्या अंगावर धांवणारी. म्हणून खेड्यांत ती टिकली. खेड्यांत पिलें वाटावयाचीं ठरतात तेव्हां जातीविषयीं व अंड्यांच्या संख्येविषयीं चर्चा पुष्कळ होते. खुराड्याचें दार कशाचें करावें याची होत नाहीं. विटांच्या चार थरांचें, फरशीचा तळ, लोखंडी पत्र्याचें दार आणि वर घट्ट जाळी, एवढें खुराडें आष्टीच्या गवंड्यास एका दिवसाचें काम आहे. अडचण एकच, कीं जिच्या कोंबड्या असतात तिची बहुधा स्वतःची भिंत नसते. तुराट्यांचा कुड, आणि त्याला टेकून ठेवलेला तो दगड, एवढेंच तिच्या हातीं असतें.