शंभर धरून चला : शेकड्याचा हिशेब, कौटिल्यापासून म्हैसूरच्या खंडणीपर्यंत

आज तोफा नाहीत, तह आहेत. पण तेही आकड्यांच्या बाजूने बघायचे आहेत. विषय तुमच्या घरातला आहे. पाचवी-सहावीतलं मूल टक्केवारीचं शाब्दिक उदाहरण घेऊन येतं. आई-वडील सवयीने म्हणतात, ‘क्ष मान.’ मुलाला क्ष अजून शिकवलेलाच नसतो. ते गप्प बसतं आणि गणित आपल्याला येत नाही, असं ठरवून टाकतं. हे ठरवणं पुढे फार महागात पडतं. म्हणून आज हे बघू, की आपल्याकडे ही उदाहरणं क्ष न मानता शतकानुशतकं कशी सुटत होती.

सुरुवात म्हैसूरपासूनच करतो. इथे 1891 साली प्राच्य ग्रंथालय सुरू झालं, आजची प्राच्यविद्या संशोधन संस्था. तिथले ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांच्या हाती तंजावर भागातल्या एका पंडिताकडून आलेली ताडपत्राची पोथी लागली. ती कौटिल्याच्या अर्थशास्त्राची निघाली. 1909 साली त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. राजनीतीसाठी ती पोथी जगभर गाजली, पण तिच्यात व्याजाचे दरही आहेत. शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण हे धर्म्य व्याज. व्यापाऱ्याला पाच, जंगलातून माल नेणाऱ्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस. धोका वाढला की दर वाढला.

इथे लक्षात घ्या, दर शंभरावर सांगितला आहे. मराठीत आपण ‘शेकडा’ म्हणतो, आणि शाळेच्या पुस्तकातलं ‘द.सा.द.शे.’ म्हणजे दर साल दर शेकडा. टक्के हे काही इंग्रजांनी आणलेलं प्रकरण नव्हे. महिन्याला सव्वा, तर वर्षाला किती? बारा वेळा सव्वा, म्हणजे पंधरा. जुन्या शाळांत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ असायची. 1957 च्या एप्रिलपर्यंत रुपया सोळा आण्यांचा होता, म्हणून एक आणा म्हणजे शेकडा सव्वासहा हे बाजारातल्या पोराला तोंडपाठ असे. पाव म्हणजे पंचवीस, पाऊण म्हणजे पंचाहत्तर, दोन आणे म्हणजे साडेबारा. अर्धी टक्केवारी इथेच संपते.

पण अवघड उदाहरण उलटं असतं. टक्के दिलेले, शेवटची रक्कम दिलेली आणि मूळ रक्कम विचारलेली. मुलं तिथेच अडतात. त्याचं उत्तर भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे. भास्कराचार्यांचा जन्म 1114 चा. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती मिळते. 1150 साली त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. लीलावती हा त्यातला अंकगणिताचा भाग आणि बीजगणित हा वेगळा भाग. म्हणजे अव्यक्त संख्या मानायची रीत त्यांना उत्तम येत होती. तरीही व्यवहारातली उदाहरणं त्यांनी बीजगणिताच्या आधीच, अंकगणितात सोडवून दाखवली.

लीलावतीतलं एक उदाहरण माझ्या शब्दांत सांगतो. महिन्याला शेकडा पाच दराने एका वर्षानंतर मुद्दल आणि व्याज मिळून 1000 झाले. मुद्दल किती, व्याज किती? आता शंभर धरा. महिन्याला पाच, म्हणजे वर्षाला साठ. शंभराचे झाले 160. मग 160 झाले तेव्हा मुद्दल शंभर होतं, तर 1000 झाले तेव्हा किती? शंभर गुणिले हजार, भागिले 160. उत्तर 625. व्याज 375. ताळा करा: 625 चे साठ टक्के 375 होतात, बेरीज 1000.

यात दोन गोष्टी आहेत. एक, सोयीची संख्या धरून चालणं. याला लीलावतीत इष्टकर्म म्हटलं आहे. दुसरी, त्रैराशिक: प्रमाण, फल आणि इच्छा. तीन माहीत असले की चौथं निघतं. आर्यभटाने 499 साली हे सांगितलं होतं. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, म्हणजे आमच्या या कर्नाटकाच्या मुलखात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्यातही व्याजाची आणि ‘इतका भाग गेला, इतकं उरलं’ अशा धर्तीची भरपूर उदाहरणं आहेत. शंभरच धरा असं बंधन नाही. तिसरा, पाचवा, सहावा आणि चौथा भाग देऊन सहा कमळं उरली, असं लीलावतीतलं उदाहरण असेल तर साठ धरा. वीस, बारा, दहा आणि पंधरा गेले, तीन उरले. खरे उरले सहा, म्हणजे दुप्पट. कमळं 120. टक्के असले की मात्र शंभर सगळ्यात सोपे.

आता मराठ्यांच्या दप्तराकडे येऊ. 1719 साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. म्हैसूरसारखी मांडलिक राज्यंही त्यात धरलेली होती. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा. तिची वाटणी अशी: शेकडा 25 बाबती, ती छत्रपतींची. शेकडा 6 साहोत्रा, तो पंत सचिवांचा. शेकडा 3 नाडगौडा, तो छत्रपती देतील त्याला. उरलेला शेकडा 66 मोकासा, तो फौज बाळगणाऱ्या सरदारांना.

मुलाला विचारा, सरदाराला मुलखाच्या वसुलातलं शेकडा किती मिळालं? ते म्हणेल, 66. चुकलं, कारण हे 66 चौथाईचे आहेत, वसुलाचे नव्हेत. वसूल शंभर धरा. चौथाई 25. तिच्यातून बाबती सव्वासहा, साहोत्रा दीड, नाडगौडा पाऊण आणि मोकासा साडेसोळा. बेरीज बरोबर 25. म्हणजे सरदाराच्या हाती शंभरातले साडेसोळाच. आता उलटं विचारा: एका सरदाराचा मोकासा 33,000 रुपये असेल तर मुलखाचा वसूल किती? साडेसोळाला शंभर, तर 33,000 ला? 33,000 मध्ये साडेसोळा दोन हजार वेळा जातात. वसूल दोन लाख. क्ष कुठेही आला नाही.

फौजेत नकाशा उघडला की पहिला प्रश्न एकच असतो: आपण आत्ता कुठे उभे आहोत? टक्केवारीतही पहिला प्रश्न तोच आहे. कशाचे टक्के? शंभर कुणाला म्हणायचं? तेवढं ठरलं की उरतो नुसता गुणाकार-भागाकार.

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते म्हैसूरच्या खंडणीत दिसतं. 1799 साली टिपू सुलतान पडला, वडेयरांना गादी मिळाली आणि तहाने कंपनीला दर साल सात लाख होन द्यायचे ठरले. साडेतीन रुपयांचा होन धरला तर साडेचोवीस लाख रुपये. 1881 साली राज्य वडेयरांना परत मिळालं, तेव्हा ही रक्कम 35 लाख ठरवली गेली. दुष्काळाने खजिना रिकामा झाला होता, म्हणून वाढ पुढे ढकलली गेली आणि 1896 पासून लागू झाली. पुढे 1927 साली, कृष्णराज वडेयर चौथे यांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, साडेदहा लाख माफ झाल्याचं जाहीर झालं. रक्कम पुन्हा साडेचोवीस लाखांवर आली.

वाढ साडेदहा लाख, घटही साडेदहा लाख. मग टक्के सारखेच? नाही. वाढीच्या वेळी शंभर म्हणायचं साडेचोवीस लाखांना. सगळ्याची दुप्पट करा: 49 वर 21, म्हणजे सातातले तीन, शेकडा जवळजवळ 43. घटीच्या वेळी शंभर म्हणायचं 35 लाखांना. 70 तले 21, म्हणजे शेकडा 30. वाढवताना 43 आणि उतरवताना 30, तरी रयतेच्या अंगावरचा बोजा होता तिथेच आला. कुणी म्हणालं की 43 टक्के वाढवले आणि 30 टक्केच कमी केले, तर चिडण्याआधी पाया बघा. आणि कुणी ‘तीस वाढवू, तीस कमी करू, फिटंफाट’ म्हणालं, तर सही करण्याआधीही पाया बघा. शंभरावर तीस वाढले की 130, त्याचे तीस टक्के 39, उरले 91.

आजच्या बिलातही हेच आहे. 18 टक्के जीएसटी धरून वस्तू 1180 रुपयांना पडली, मूळ किंमत किती? पुष्कळ जण 1180 चे 18 टक्के वजा करतात आणि 967 रुपये 60 पैसे सांगतात. कर मूळ किमतीवर आहे. शंभर धरा, 118 होतात. 118 ला शंभर, तर 1180 ला हजार.

एक सावधगिरी. जिथे सगळे हिस्से एकाच प्रमाणात वाढतात, तिथेच ही रीत चालते. मध्येच ठरावीक रक्कम आली की चालत नाही. समजा पगारातून आधी 500 रुपये दिले, उरलेल्याचे 20 टक्के खर्च केले आणि 6000 उरले. इथे पगार शंभर धरला तर त्यातून 500 जाणारच नाहीत. इथे शेवटाकडून मागे या; लीलावतीत याला व्यस्तविधी म्हणतात. 6000 म्हणजे शंभरातले 80, तर शंभर म्हणजे 7500. त्यात 500 मिळवा. पगार 8000.

बीजगणित नको असं मी म्हणत नाही. ते यायलाच हवं, आणि वेळ आली की येईल. पण ज्या मुलाने आधी शंभर धरून दहा उदाहरणं सोडवली आहेत, त्याला क्ष भेटतो तेव्हा तो ओळखीचा वाटतो. शंभराच्या जागी एक अक्षर बसलं, इतकंच.

आता घरचा अभ्यास, मुलांना बरोबर घेऊन करा. कौटिल्याच्या धर्म्य दराने, म्हणजे महिन्याला शेकडा सव्वा, एका वर्षाने मुद्दल आणि सरळव्याज मिळून 2300 पण झाले. मुद्दल किती? क्ष मानायचा नाही. उत्तर आल्यावर ताळा करून बघा आणि मुलालाच विचारा, शंभर कुणाला म्हटलंस?

जय हिंद.