सोलापुरात देवमासा

१८१८ सालचा पावसाळा सरलाय आणि तुम्ही सोलापुरात, सिद्धेश्वर तळ्याच्या काठी उभे आहात. समोरचा भुईकोट मे महिन्यातच जनरल मन्रोनं पेशव्यांच्या फौजेकडून घेतला. शिवारात ज्वारीची पेरणी चाललीय, काळी माती पायाला चिकटतेय.

छावणीत तेवीस वर्षांचा एक लेफ्टनंट कागद घेऊन बसलाय. जेम्स थॉमस मोल्सवर्थ. कानावर पडणारे मराठी शब्द तो इथंच टिपू लागलाय. ह्याच नादातून, कँडी बंधूंच्या साथीनं, १८३१ साली सुमारे चाळीस हजार शब्दांचा मराठी-इंग्रजी कोश निघेल. त्यानं वाढवलेली १८५७ ची आवृत्ती साठ हजारांवर जाईल. हे तुम्हाला ठाऊक आहे, त्याला नाही.

त्याच्यापुढं एक शब्द ठेवा : देवमासा.

समुद्र इथून कित्येक मुक्काम दूर, घाट उतरून. शेजारी बसलेल्या शास्त्रीबुवांनी देवमासा पाहिलेला नाही, पण अमरकोश त्यांना मुखोद्गत आहे. ते लगेच म्हणतात, ‘तिमिंगिल!’ तिमि नावाच्या अजस्र माशालाही गिळणारा तो. लेफ्टनंटाच्या भाषेत तो व्हेल, जर्मनांचा वालफिश, डेन लोकांचा ह्वाल. एकाच मुळाचे हे शब्द.

आता आणखी मागं चला, नवव्या शतकाच्या अखेरीला, इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या दरबारात. नॉर्वेच्या पार उत्तरेहून आलेला ओहथेर नावाचा दर्यावर्दी राजाला पांढरेशुभ्र सुळे नजर करतोय. हे कुणाचे? घोडा-व्हेलचे, असं दरबारातला लेखक लिहून घेतो. सुळे आहेत वॉलरसचे. त्या बोजड प्राण्यात घोडा कुणाला कसा दिसला असेल, ह्याचा मी पुष्कळ विचार केलाय. पण अनोळखी जिवाला माणूस आधी आपल्या गोठ्यातलंच नाव देतो. लॅटिनमधल्या ‘डुक्कर-मासा’ ह्या जोडशब्दातून इंग्रजीत पॉरपॉइझ आला. फ्रेंचांचा मार्सुआं मुळात जर्मन कुळातला ‘समुद्र-डुक्कर’. डचांनी समुद्रात गाय पाहिली. नॉर्स लोकांचा नार्व्हाल मात्र अंगावर काटा आणतो : त्यातला ‘नार’ म्हणजे प्रेत. बुडालेल्या माणसाच्या कातडीसारखा त्याचा करडा, डागाळलेला रंग पाहून हे नाव पडलं असं सांगतात.

ग्रीकांचा डेल्फिस मला सर्वांत शहाणा वाटतो. गर्भाशयाला ते डेल्फूस म्हणत, आणि डॉल्फिनचं नाव त्याच मुळाचं. हा ‘मासा’ पिल्लाला पोटात वाढवतो, हे त्यांनी नीट पाहिलं होतं. पिल्लाला दूध पाजतो, हे ॲरिस्टॉटलनंही लिहून ठेवलंय.

सोलापूरच्या छावणीत परत या. कागदावरचा ‘देवमासा’ पुन्हा वाचा. आपल्या माणसानं त्या प्रचंड जिवाला घोडा म्हटलं नाही की डुक्कर म्हटलं नाही, थेट देव म्हटलं. मला आपलाच शब्द उजवा वाटतो.

मोल्सवर्थनं ऐकले म्हणून कितीतरी शब्द आज आपल्या हाती आहेत. समुद्रावरचे अजून ऐकायचे आहेत. मालवणकडे डॉल्फिनला गादा म्हणतात, पण किनाऱ्यावरच्या पाट्यांवर आता ‘डॉल्फिन’च असतो. पुढच्या वेळी तिथं होडीत बसाल तेव्हा होडीवाल्या काकांना पाण्यातल्या एकेका जिवाचं नाव विचारा, आणि ते सांगतील तसंच वहीत उतरवून घ्या.