जलनिवळण, वऱ्हाडातील

वऱ्हाडातील गढूळ पाण्यातील सूक्ष्म गाळ तळाशी बसवून ते स्वच्छ करण्याच्या पद्धती. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात बेसाल्टापासून बनलेली काळी मृदा आहे. तीतील माँटमोरिलोनाइट या मृद्-खनिजाचे कण अतिसूक्ष्म असून त्यांवर ऋण विद्युत् भार असतो. समान भारामुळे ते परस्परांना दूर सारतात व पावसाळी पाणी साठवून ठेवले, तरी दीर्घकाळ गढूळ राहते.

यावरील प्राचीन भारतीय उपाय निवळीचा (सं. कतक) होय. तिचा उल्लेख सुश्रुतसंहितेत आढळतो. निवळीची बी मातीच्या भांड्यास आतून घासून मग पाणी भरीत. बियांच्या अर्कात ऋणायनी बहुवारिके (ऋण भारित गट असलेले दीर्घ रेणू) असल्याचे विसाव्या शतकातील संशोधनात आढळले. दुसरा उपाय तुरटीचा. तीतील ॲल्युमिनियमाचे धन भारित आयन कणांवरील भार उदासीन करतात व कण साकळतात.

१९५० नंतर पॉलिॲक्रिलामाइडासारखी कृत्रिम बहुवारिके प्रचारात आली. ऋण भारित कणास ऋण भारित रेणू चिकटणे विसंगत वाटते. परंतु तुरटीतील ॲल्युमिनियमाचे किंवा पाण्यातील कॅल्शियमाचे आयन त्यांच्यात दुवा साधतात. एकच दीर्घ रेणू अनेक कणांना जोडतो आणि बनलेले मोठे पुंजके लवकर तळाशी बसतात. यासाठी लिटरमागे १ मिग्रॅ.हूनही कमी मात्रा बहुधा पुरते. मात्रा अधिक झाल्यास कण रेणूंनी वेढले जाऊन पुन्हा सुटे राहतात; म्हणून पाण्याचे नमुने वेगवेगळ्या मात्रा घालून ढवळतात व योग्य मात्रा ठरवितात. मूळ घटक ॲक्रिलामाइड विषारी असल्याने पिण्याच्या पाण्यात त्याचा अंश लिटरमागे ०·०००५ मिग्रॅ.पेक्षा अधिक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य आहे.

या सर्व उपायांना एक मर्यादा आहे. खारपाणपट्ट्यातील विहिरींचे पाणी दिसावयास नितळ असले, तरी त्यात क्षार विरघळलेले असतात. ते निवळीने, तुरटीने वा बहुवारिकांनी निघत नाहीत. त्यामुळे तेथे गोडे पाणी धरणांतून आणावे लागले. अकोट-तेल्हारा भागातील ८४ खेड्यांच्या योजनेस वान धरणाचे पाणी मिळते. अकोला शहरास महान येथील काटेपूर्णा, तर अमरावती शहरास १९९३ मध्ये पूर्ण झालेल्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी मिळते. धरणाचे पाणी गोडे असले, तरी पावसाळ्यात गढूळ होते. विहिरीचे नितळ असले, तरी खारट असते. वऱ्हाडातील पाणीपुरवठ्यात निवळणाचे स्थान या भेदावरून ठरले आहे.