पाळण्यातले नाव आणि मधले नाव

आपल्या विहारात नामकरण विधीची एक जुनी नोंदवही आहे. पुठ्ठा निघालेला, पाने पिवळी पडलेली. वर्धापन दिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा संपादक मंडळाने ती माझ्या हाती दिली आणि यावर काहीतरी लिहा म्हणून सांगितले. वहीत लिहिण्यासारखे ते काय असणार, असे आधी वाटले. बाळाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, तारीख, आणि कुठे कुठे विहाराला दिलेले दान, सव्वा रुपया, पाच रुपये. पण दोन रात्री ती वही वाचत बसलो. सिद्धार्थ कचरू. सुजाता धोंडीबा. मिलिंद भिकाजी. राहुल दगडू. आडनावे मुद्दाम देत नाही, कारण वस्तीत सगळे सगळ्यांना ओळखतात.

पहिले नाव वाचले की श्रावस्तीत, राजगृहात गेल्यासारखे वाटते. दुसरे वाचले की पुन्हा गावकुसाबाहेर. मध्ये फक्त एक उभी रेघ. ती रेघ आहे १४ ऑक्टोबर १९५६ ची, नागपूरच्या दीक्षाभूमीवरची. आपला इतिहास ग्रंथात शोधावा लागतो असे आपण म्हणतो, पण तो आपल्या प्रत्येकाच्या पूर्ण नावात लिहिलेला आहे.

आधी जुन्या नावांविषयी. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावे कशी ठेवावीत याचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे तुच्छता दाखवणारे असावे असे तो सांगतो. जो ग्रंथ बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला तो हाच. नावातही माणसाला खाली बसवायचे ही व्यवस्था होती, आणि ती केवळ पोथीत राहिली नव्हती. बापाने बरे नाव ठेवले तरी गावातला पाटील, कुलकर्णी ते पुरे घ्यायचा नाही. रामजीचा राम्या आणि सखारामचा सख्या व्हायचा. म्हातारा झाला तरी सख्याच.

पण खरे सांगायचे तर सगळीच कचरू, दगडू, धोंडू ही नावे वरून लादलेली नव्हती. आमची आजी सांगायची, ज्या बाईची मुले जगत नसत ती पुढच्या लेकराला मुद्दाम वाईट नाव ठेवायची. मूल क्षणभर उकिरड्यावर ठेवून उचलायचे, म्हणजे तो कचरू. दुसऱ्याच्या पदरात टाकून भीक म्हणून परत मागायचे, तो भिका. नाक टोचले की नथू. दगडासारखा टिकावा म्हणून दगडू, धोंडू. मरणाला फसवण्याची ती युक्ती होती आणि ती इतर जातींतही होती. फरक एवढाच की आपल्याकडे दवाखाना नव्हता, पाणी नव्हते, म्हणून लेकरे अधिक मरत. तेव्हा ‘कचरू’ या नावात मनूची लबाडी आहे आणि एका आईची धडपडही आहे. दोन्ही आहेत. नुसते पहिलेच सांगून आपण आपल्या आज्यांवर अन्याय करू नये असे मला वाटते.

इथे जीवकाची गोष्ट आठवते. विनयपिटकात ती आहे. राजगृहात एका गणिकेने जन्मताच मूल उकिरड्यावर टाकले. अभय राजकुमार तिकडून जात होता. कावळे जमलेले पाहून त्याने विचारले, काय आहे? लोक म्हणाले, मूल आहे. जिवंत आहे का? तर, जिवंत आहे. म्हणून त्याचे नाव जीवक. तो पुढे तक्षशिलेला शिकून आला आणि भगवंताचा वैद्य झाला. उकिरडा तोच. आमच्या गावात त्यावरून नाव पडले कचरू आणि राजगृहात पडले जीवक.

आणखी मागे जायचे तर कोरेगाव भीमाच्या स्तंभापाशी जाऊया. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे त्यावर कोरली आहेत. त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. महार माणसाचे नाव त्या काळी असे ओळखू येई. पुढे फलटणीत गेलेल्यांच्या घरात ‘नाक’ मागे पडले आणि ‘जी’, ‘राव’ आले. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्या घरात दोन पिढ्या ‘जी’ दिसतो. त्यांच्या धाकट्या मुलाचे घरातले नाव भिवा. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी जी नोंद झाली ती ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी आहे. त्या दिवसाची आठवण म्हणून २०१७ पासून महाराष्ट्र शासन ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. भिवाचे भीमराव झाले, पण मधले नाव रामजी तसेच राहिले, शेवटपर्यंत. ही गोष्ट पुढे लागेल म्हणून इथे सांगून ठेवतो.

बाबासाहेबांनी नावाच्या प्रश्नाचा फार खोल विचार केला होता. ‘अवे फ्रॉम द हिंदूज’ हा त्यांचा इंग्रजी निबंध १९८९ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात छापला गेला. त्यात ते विचारतात की नावात काय आहे, आणि उत्तर देतात की पुष्कळ आहे. पण नुसते नाव बदलून भागत नाही. कोणी चोखामेळा म्हणवून घेतले, कोणी रविदास म्हणवून घेतले, तरी थोड्या दिवसांत नव्या नावालाही जुना विटाळ चिकटतो. धर्म बदलला आणि नाव त्या व्यवस्थेच्या बाहेरून आले, तरच ते टिकते.

मग बाहेरून नाव आणायचे तर कुठून? इथे पुस्तके कामी आली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना दिले, हे आपणा सर्वांना माहीत आहेच. त्या पुस्तकातल्या गावांची आणि माणसांची नावे पुढे दादरच्या घरावर आणि महाविद्यालयांच्या पाट्यांवर आली. घराचे नाव राजगृह. १९४६ साली मुंबईत निघालेल्या कॉलेजचे नाव सिद्धार्थ. १९५० साली औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) सुरू केलेल्या कॉलेजचे नाव पुढे मिलिंद आणि त्या परिसराचे नागसेनवन. म्हणजे दीक्षेच्या आधीच ही नावे आपल्या पोरांच्या तोंडी बसली होती. सिद्धार्थला शिकलेला किंवा मिलिंदच्या वसतिगृहात राहिलेला मुलगा गावी आला की भावाच्या पोराचे नाव तोच सुचवायचा. १९५७ साली ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ प्रसिद्ध झाला, पुढे मराठीत आला, आणि मग नावांची खाणच सापडली. बारशाच्या आदल्या रात्री घरात तो ग्रंथ उघडून बसलेली माणसे मी पाहिली आहेत. पूर्वी राशीचे अक्षर विचारायला जोशाकडे जायचे, आता ग्रंथाकडे. (अजूनही काहीजण आधी गुपचूप अक्षर काढून आणतात आणि मग त्या अक्षराचे बौद्ध नाव विचारतात. असो.)

मात्र नाव घेतले आणि गोष्ट तिथेच ठेवली असे पुष्कळदा झाले. मिलिंद हे नाव आपल्या वहीत कितीतरी वेळा आहे. मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक वंशाचा राजा. तो भिक्खू नागसेनांना भेटतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो नावाचाच. आपले नाव काय? नागसेन सांगतात, मला नागसेन म्हणतात. आईबाप नागसेन ठेवतात, शूरसेन ठेवतात, वीरसेन ठेवतात, पण ते हाक मारण्यापुरते आहे. त्या नावाच्या आत कायमचा असा कोणी बसलेला नाही. मग रथाचा दृष्टान्त येतो. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, दांडी म्हणजे रथ का? ज्यांना नावावरून हजारो वर्षे जोखले गेले त्यांनी आपल्या पोराला मिलिंद म्हणावे, यात किती अर्थ आहे! पण आमच्या वस्तीतल्या एका मिलिंदला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता आणि त्याने ती प्रथमच ऐकली.

राहुलचेही तसेच. राहुल म्हणजे बंधन, मग असे नाव कशाला, म्हणून काही घरांत कुरकुर होते. पण भगवंतांनी पाण्याच्या भांड्याचा दाखला देऊन खोटे न बोलण्याचा उपदेश केला तो याच राहुलला, आणि तो उपदेश सम्राट अशोकाला इतका मोलाचा वाटला की बैराटजवळ सापडलेल्या शिलालेखात त्याने भिक्खू आणि उपासकांनी ऐकावेत म्हणून ज्या सात धम्मग्रंथांची नावे कोरली त्यात तो आहे. सुनीत हा राजगृहातला झाडूवाला, थेरगाथेत त्याच्या गाथा आहेत. आपण मात्र मुलींची नावे सुनीता ठेवली आणि मुलाचे नाव सुनीत फारसे कोणी ठेवले नाही. विशाखा आणि सुजाता चटकन स्वीकारल्या गेल्या. आम्रपालीला म्हाताऱ्या नाक मुरडायच्या, गणिकेचे नाव कशाला म्हणून. पण वैशालीची आंबराई संघाला दान देणारी तीच, आणि लिच्छवींनी पैसे देऊ केले तरी भगवंतांच्या जेवणाचे आमंत्रण तिने सोडले नाही. पटाचारा, खेमा, धम्मदिन्ना ही नावे वहीत जवळजवळ नाहीतच. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तर माणसांच्या नावांपेक्षा गुणांची नावे वाढली. सम्यक, प्रज्ञा, करुणा, संबोधी, प्रबुद्ध. ती चांगलीच आहेत, फक्त त्यांच्यामागे पोराला सांगायला माणूस नसतो.

नाव पाळण्यात ठेवले म्हणजे कागदावर सगळे बदलले असेही झाले नाही. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश १९९० साली झाला. तोवर कितीतरी आईबापांनी शाळेच्या दाखल्यावर पोराचे नाव सिद्धार्थ लिहिले आणि जातीच्या रकान्यात ‘हिंदू महार’. सवलत जाईल म्हणून. विहारात पंचशील म्हणणारा बाप शाळेत मान खाली घालून ते लिहून यायचा. त्याला कोणी हसू नये. त्या एका दाखल्यावर पुढची पिढी शिकली.

आता मधल्या नावाकडे येतो. आपल्याकडे स्वतःचे, मग वडिलांचे, मग आडनाव अशी रीत. साहजिकच दीक्षेनंतर जन्मलेल्या पिढीच्या नव्या नावाला जुने नाव चिकटून आले. पोरे शिकली, कचेरीत लागली आणि मधले नाव आखडायला लागली. दगडूचा ‘डी.’ झाला, कचरूचा ‘के.’. लग्नपत्रिकेत आजोबांचे नाव गाळले जाऊ लागले. मी स्वतः कितीतरी वर्षे मधले अक्षर तेवढे लिहीत होतो. साहेबाने एकदा भर कचेरीत पूर्ण नाव मोठ्याने वाचले होते आणि चार माणसे हसली होती, हे कारण. वडील तेव्हा जिवंत होते. त्यांनी कधी विचारले नाही, पण माझी सही त्यांना वाचता येत होती.

साहित्यात याचे ठळक उदाहरण म्हणजे दया पवार. जगाला ते दया पवार म्हणून माहीत, पण पाळण्यातले नाव दगडू मारुती पवार. १९७८ साली आलेल्या ‘बलुतं’मध्ये त्यांनी या दगडूला समोर बसवून बोलते केले. दयाने दगडूला टाकून दिले नाही, उलट सगळी हकीकत त्याच्याच तोंडून वदवली. आणि बाबासाहेबांच्या सहीतला रामजी तर मी वर सांगितलाच.

मधल्या जागेत फक्त वडीलच का, हा प्रश्न मुलींनी विचारायला सुरुवात केली आणि तो बरोबर आहे. आपल्याच परंपरेत त्याचे उत्तर आहे. सारिपुत्त हे मूळ नाव नव्हे, मूळ नाव उपतिस्स; सारी नावाच्या आईचा मुलगा म्हणून सारिपुत्त. मोग्गल्लान हेही आईवरूनच. आणि लांब मगधात जायला नको, नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत तिसऱ्या लेण्यात पाहा. गौतमी बलश्री या आईने नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी ते लेणे भिक्खूंना दिले आणि लेखात आपल्या मुलाचे गुण सांगितले. तो मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी आणि नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. महाराष्ट्राचे एवढे मोठे राजे, पण दोघांच्याही नावाआधी आई. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवले की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदोपत्री नावात आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहायचे. म्हणजे मधली नावे आता दोन.

त्यानंतर आपल्या विहारात पहिलेच नामकरण झाले तो दिवस मला आठवतो. त्रिसरण-पंचशील झाले, भन्तेजींनी परित्राणपाठ म्हटला, आत्याने पाळण्यात वाकून कानात नाव सांगितले, कुर्रर्र केले, पाठीत धपाटे खाल्ले. मग मी वही उघडली. रकाने तीन आणि नावे चार. बाळाची आई म्हणाली, “काका, माझं नाव नीट लिहा, बारीक अक्षरात कोपऱ्यात नको.” बाळाचे वडील मागून म्हणाले, “आणि कुठंतरी आमच्या आजोबांचंही लिहा.” आजोबांचे नाव कचरू. बाळाचे नाव त्यांनी जीवक ठेवले होते.

मी पट्टी घेऊन त्या पानावर एक रेघ वाढवली आणि शेऱ्याच्या जागी पणजोबांचे नाव पूर्ण लिहिले. नवी वही आणली आहे, तिच्यात रकाने आधीच आखून ठेवले आहेत.